तिसऱ्यांदा विचारल्यावर

आमच्या नॉर्डालमध्ये कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली की "उगाच कशाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की "बरं, अर्धा कप" म्हणायचं आणि मग दोन कप प्यायची. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आमचे आजे-पणजे नॉर्वेहून इथे अमेरिकेत येताना ट्रंकांबरोबर हेही घेऊन आले असावेत.

"हॅल्वर तळ्यात बुडत असला ना, तर दोर तीनदा टाकावा लागेल," असं माझी जुनी मैत्रीण व्हर्ना ओडगार्ड नेहमी म्हणते. "पहिल्या दोन वेळा हा पाण्यातूनच म्हणेल, नको, नको, राहू द्या."

हॅल्वर म्हणजे मी. हॅल्वर सुंडेट. चौतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली, आणि निवृत्त होऊनही आता सहा वर्षं झाली. व्हर्ना चेष्टा करते तेव्हा मी हसतो. ती खरं बोलते हे मला ठाऊक असतं.

२००४ च्या वसंतात आमच्या भागातली नॅशनल गार्डची, म्हणजे एरवी घरी राहणाऱ्या राखीव सैनिकांची, ट्रकवाली तुकडी इराकला गेली. तिच्यात गावची बारा पोरं होती. दर दुसऱ्या शनिवारी चर्चच्या तळघरात आम्ही त्यांच्यासाठी खोकी भरायचो. मोजे, ओले रुमाल, सुकवलेलं मांस, सरबताच्या पुड्या, पत्त्यांचे जोड. मधल्या फटीत आमच्या साप्ताहिकाची पानं चुरगळून कोंबायचो. सामान हलू नये आणि पोरांना गावची बातमीही मिळावी म्हणून. माझं काम प्रत्येक खोक्यात एक पुस्तक घालण्याचं. बाराही जण माझ्या ग्रंथालयातून गेलेले. कुणाला काय आवडेल ते मला माहीत होतं, निदान तशी समजूत होती.

या कामाची मुख्य मार्लिस ब्रेके. तीही माझ्या शाळेत शिकलेली, म्हणून पन्नाशीला टेकली तरी मला मिस्टर सुंडेटच म्हणायची. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा जोएल त्या बारांतला. जोएलने शाळेत असताना इंजिनांवरची सगळी पुस्तकं नेली होती, आणि परत येताना प्रत्येकात ग्रीसचा एक काळा अंगठा असायचा. मी त्याला रागवायचो. त्यातली दोन पुस्तकं मी पुढे निकाली काढलेल्या ढिगातून घरी आणली. का आणली, सांगता येत नाही.

गावात जवळजवळ प्रत्येक गाडीच्या मागे पिवळ्या फितीच्या आकाराचं लोहचुंबक होतं: आमच्या सैनिकांच्या पाठीशी उभे राहा. माझ्याही गाडीला होतं. व्हर्नाने चिकटवलं होतं आणि मी काढलं नव्हतं, कारण मला ते मान्य होतं. मान्य नव्हतं ते एवढंच, की पोरांच्या पाठीशी उभं राहायचं म्हणजे त्यांना तिथे पाठवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्याही पाठीशी उभं राहायचं. त्यांनी युद्धाची कारणं दिली, ती एकेक गळत गेली, तसतशी ते नवी देत गेले. पोरं मात्र तीच राहिली. हे वाक्य मी मनात कितीतरी वेळा नीट बसवलं होतं. तळघरात एकदाही उच्चारलं नाही. मला वाटायचं, मी पुस्तकातला माणूस, मला काय कळतं.

सप्टेंबरच्या शेवटी मार्लिस एका दुपारी गावच्या वाचनालयात आली. माझी खिडकीजवळची खुर्ची तिला माहीत होती. कोट न काढताच समोर बसली.

"जोएलचा फोन आला होता. दहा मिनिटं मिळतात त्याला. त्यातली चार तर आवाज पोचण्यातच जातात."

"बरा आहे ना?"

"तो म्हणाला, आई, मोजे पुरे झाले." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "म्हणाला, आमच्या ट्रकची दारं पत्र्याची आहेत. गोळीसुद्धा आरपार जाते. आम्ही भंगारातून लोखंड आणतो आणि तारेने दाराला बांधतो. ज्याला लोखंड मिळत नाही तो प्लायवूड लावतो. त्याच्या दाराला प्लायवूड आहे, मिस्टर सुंडेट. खाली रेतीची पोती."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"पुढच्या महिन्यात खासदार येणार आहेत ना इथे? जोएल म्हणाला, त्यांना विचार. नुसतं विचार, आई. कुणी विचारलंच नाही तर त्यांना कळणार कसं?" तिने पिशवीतून वही काढून माझ्यापुढे सरकवली. "मी बोलते, तुम्ही लिहा. तुम्हाला शब्द येतात. मी उभी राहिले की माझी वाचा बसते."

ती बोलत गेली आणि मी लिहीत गेलो. अजूनही ते पान मला तोंडपाठ आहे. त्यावर असं आहे: माझा मुलगा प्लायवूडच्या दारामागे बसून ट्रक चालवतो. राष्ट्राध्यक्षांनी युद्धाची तारीख ठरवली तेव्हा दारं मोजली होती का? त्यांना घाई कसली होती? माझा मुलगा कशासाठी तिथे आहे, ते मला एका वाक्यात सांगा, म्हणजे मी त्याला फोनवर सांगू शकेन, कारण आम्हाला दहाच मिनिटं मिळतात.

एवढंच. चौतीस वर्षांत मी मुलांना जे सांगत आलो, की थोडक्यात लिहा, खरं लिहा, ते तिने एका दमात केलं होतं.

"मी घरी नेऊन टंकतो," मी म्हणालो. "जरा नीट करतो."

घरी आल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि मला भीती वाटली. स्वतःसाठी नव्हे, असं मी तेव्हा मला सांगितलं. तिच्यासाठी. निवडणूक महिन्यावर आली होती. मेन स्ट्रीटवर एका गॅरेजवाल्याने युद्धाविरुद्ध पाटी लावली, तर त्याच्याकडे कुणी गाडी दुरुस्तीला नेईना. ज्या बाईचा मुलगा तिथे आहे तिने राष्ट्राध्यक्षांना घाई कसली होती विचारायचं? लोक काय म्हणतील? म्हणून मी आधी आभार घातले. मग "राष्ट्राध्यक्षांच्या आणि आपल्या शूर सैनिकांच्या पाठीशी आम्ही ठामपणे उभे आहोत" हे वाक्य घातलं, म्हणजे गैरसमज नको. आणि शेवटी, "वाहनांच्या सुरक्षिततेविषयी काही शंका आमच्या कानी आल्या आहेत, त्याकडे सवडीने लक्ष दिल्यास आम्ही ऋणी राहू." सवडीने हा शब्द माझा. मला तो नम्र वाटला.

मार्लिसने टंकलेलं पान वाचलं. "छान लिहिलंय," ती म्हणाली. मग पान पुन्हा चाळून, "मी असंच म्हणाले होते का?"

"जवळजवळ."

"तुम्हाला जास्त कळतं," ती म्हणाली, आणि पान घडी करून पर्समध्ये ठेवलं.

खासदार ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी आले. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास खुर्च्या, मोठ्या भांड्यात कॉफी, खजुराच्या वड्या. माणूस चांगला होता, हे मी सांगितलं पाहिजे. बाह्या दुमडलेल्या, वय असेल पंचेचाळीस, मिनियापोलिसच्या बाजूच्या नव्या वस्तीत वाढलेला. बरोबर कॅमेरावाला एक तरुण. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात मार्लिसने सांगितलेलं मूळ पान होतं. ते का बरोबर नेलं होतं, याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. बहुधा मला वाटलं असावं की आयत्या वेळी मला धीर येईल.

मार्लिस उठली. तिने कागद उघडला. आभार झाले. मग ती "ठामपणे उभे आहोत" पर्यंत आली आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. खूप टाळ्या. लोक उभे राहिले. सैनिकाची आई बोलते आहे, तिच्यासाठी त्या होत्या. त्यांचंही चुकलं नाही. टाळ्या थांबेपर्यंत तिची जागा हरवली. शंका आणि सवड तिने इतक्या हळू वाचली की माझ्याशेजारचे ऑरव्हिल स्टेनरुड म्हणाले, "काय म्हणाली?"

पण खासदारांनी ऐकलं असावं. ते व्यासपीठावरून उतरून तिच्याजवळ आले, तिचा हात दोन्ही हातांत घेतला. कॅमेरावाला वाकला.

"मॅडम, मला सरळ सांगा," ते म्हणाले. "तुमच्या मुलाला तिथे काही कमी पडतंय का? काही असेल तर मी सोमवारी सकाळी फोन करतो."

"नाही हो," मार्लिस म्हणाली. "तसं काही नाही. चाललंय त्यांचं."

आम्ही सगळे थांबलो. हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं होतं की हा पहिला नको आहे. व्हर्ना तर पुढे सरसावून बसली होती. आता ते म्हणतील, नक्की ना? आणि मार्लिस म्हणेल, म्हणजे, तुम्हाला उगाच त्रास. मग ते म्हणतील, त्रास कसला, सांगा. आणि मग ती दारांचं सांगेल.

"देव तुमचं भलं करो," खासदार म्हणाले. "अशा आया आहेत म्हणून हा देश आहे." आणि ते पुढच्या हाताकडे वळले.

मार्लिस तशीच उभी. तोंड किंचित उघडं. तिने माझ्याकडे पाहिलं.

माझा हात कोटाच्या आत गेला होता, बोटांना कागद लागला होता. उभं राहून "थांबा, तिला अजून सांगायचं आहे" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी हात बाहेर काढला आणि चष्मा पुसला.

बाहेर पार्किंगमध्ये व्हर्ना माझ्यावर तुटून पडली. "हे तू लिहिलंस? सवडीने? अरे, सवडीने सुतार बोलावतात!"

"नम्रपणे मांडलं तर ऐकतात, असं वाटलं."

"नम्र म्हणे! शेजारणीची बरणी परत मागतोयस का तू, हॅल्वर?"

"असू दे गं," मार्लिस मध्ये पडली. "चूक माझीच आहे. पुन्हा येतील तेव्हा सांगेन."

तो फोटो आमच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर आला, आणि आठवड्याने निवडणुकीच्या पत्रकावर प्रत्येकाच्या टपालपेटीत. खासदारांच्या हातात मार्लिसचा हात, खाली ठळक अक्षरात: "राष्ट्राध्यक्षांच्या पाठीशी आम्ही ठामपणे उभे आहोत. एका सैनिकाची आई." माझं वाक्य. त्यानंतरच्या शनिवारी खोकी भरताना साप्ताहिकाचा गठ्ठा माझ्या हाताशी होता. मी ते पहिलं पान पाहिलं, उलटं केलं आणि चुरगळून खोक्यात घातलं. दुसरा कागद जवळ नव्हता असं मी म्हणू शकतो. खरं तर पान बाजूला ठेवलं असतं तर व्हर्नाने का म्हणून विचारलं असतं, आणि मला पुन्हा तो विषय नको होता.

नोव्हेंबरात जोएलचा फोन आला. मार्लिसने मला तो तळघरात, मोजे मोजता मोजता सांगितला.

"पोरांनी पान सरळ करून तंबूत लावलंय म्हणाला. त्याला आता सगळे 'ठाम' म्हणून हाक मारतात. ए ठाम, तुझ्या आईला सांग, प्लायवूड पण ठाम उभं आहे." ती थांबली. "हसत होता तो. मग म्हणाला, आई, तू विचारलंस का पण? मी म्हटलं, विचारलं रे, म्हणजे... आणि मिनिटं संपली."

मी एका खोक्याचं झाकण लावत होतो. चिकटपट्टी वाकडी गेली.

"विचारलं का मी, मिस्टर सुंडेट?" तिने खरंच विचारलं, तक्रार म्हणून नव्हे. "मला आठवतच नाही नीट. त्याने पुन्हा फोन केला की काय सांगू?"

"सांग की विचारलं," मी म्हणालो.

पुन्हा फोन आला नाही. डिसेंबरच्या नऊ तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास, गणवेशातले दोघे तिच्या दारात आले. हे मला व्हर्नाने सांगितलं, तिला मार्लिसने. मार्लिसने दार उघडलं, त्यांना पाहिलं, आणि ते बोलायच्या आत म्हणाली, आत या, कॉफी ठेवते. नको मॅडम, ते म्हणाले. बाहेर थंडी आहे, ती म्हणाली, घ्या थोडी. नको मॅडम. अर्धा कप तरी. नको मॅडम, धन्यवाद. तिसऱ्यांदाही नको म्हणणारा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. ती तिथेच खाली बसली.

स्फोट रस्त्याच्या डाव्या कडेला झाला होता. चालकाच्या दाराकडे.

अंत्यविधीला सगळा तालुका आला. रस्त्यांवर शाळेची मुलं हातात झेंडे घेऊन उभी. चर्चमध्ये जागा नव्हती म्हणून लोक तळघरात, खोक्यांच्या टेबलांपाशी बसले आणि ध्वनिक्षेपकावर ऐकत राहिले. मी वर होतो, मागच्या बाकावर. राष्ट्राध्यक्षांचं पत्र वाचून दाखवण्यात आलं. कृतज्ञ राष्ट्र, अमोल त्याग, ठाम निर्धार. मोठ्या सफाईचं पत्र होतं, कुठे कुणाला बोचणार नाही असं. दार हा शब्द त्यात नव्हता. ऐकता ऐकता मला जाणवलं की हे माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलं असणार. पुष्कळ वाचलेल्या, भित्र्या, सभ्य माणसाने, दिव्याखाली बसून, एकेक शब्द घासून गुळगुळीत करत. वरचा माणूस त्यावर सही करतो. त्याला असे लोक लागतात, आणि आम्ही असतो.

मग खासदार बोलायला उठले. खरंच हेलावलेले दिसत होते.

"ऑक्टोबरात मी या आईला भेटलो," ते म्हणाले. "मी विचारलं, तुमच्या मुलाला काही कमी आहे का? आणि तिने काय सांगितलं माहीत आहे? काही नाही, सर्व ठीक आहे. मुलगा रणभूमीवर असताना या आईने स्वतःसाठी काही मागितलं नाही. हा आहे आपला कणा."

चर्चमध्ये कुणीतरी हुंदका दिला. मार्लिस पहिल्या बाकावर होती. मला फक्त तिची मान दिसत होती. ती हलली नाही. ऑरव्हिल, व्हर्ना, पास्टर, हॉलमध्ये त्या दिवशी असलेले सगळे तिथे होते, आणि तो नको काय होता हे प्रत्येकाला माहीत होतं. कुणीच उठलं नाही. अंत्यविधीत कुणी उठून बोलत नाही. आमच्यात तर नाहीच. मी तेव्हाही तोच कोट घातला होता, आणि पान अजून खिशातच होतं.

नंतर खाली हॅमचे सँडविच होते. खासदारांना कुणीतरी सवयीने दोनदा कॉफी विचारली. त्यांनी पहिल्यांदाच हो म्हटलं होतं.

जानेवारीत मी मार्लिसच्या घरी गेलो. खिडकीतल्या छोट्या पताकेवर, मुलगा लढाईत असल्याच्या निळ्या ताऱ्याच्या जागी, तो कामी आल्याचा सोनेरी तारा आला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकरा खोकी उघडी होती. तळघर गोठलं होतं म्हणून तिने काम घरी आणलं होतं.

"बसा," ती म्हणाली. "ते मोजे तेवढे सरकवा."

मी पान काढून तिच्यापुढे ठेवलं. येताना गाडीत बरंच काही ठरवलं होतं बोलायचं. ते सगळं गेलं.

तिने चष्मा लावला आणि वाचलं. ओठ हलत होते. दारं मोजली होती का, इथे थांबली, आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

"हे माझे शब्द आहेत," ती म्हणाली.

"हो. अगदी तुझेच."

"किती सरळ आहेत." तिला जणू दुसऱ्या कुणाचं कौतुक वाटत होतं. "हे त्या दिवशी कुठे होतं?"

"माझ्या खिशात."

"हॉलमध्ये?"

"हो."

"आणि चर्चमध्ये?"

"तिथेही."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने ओरडावं अशी आशाच होती म्हणा. तिने पान घडी केलं, माझ्याच घड्यांवर, आणि इकडेतिकडे पाहिलं, जणू ते कुठे ठेवायचं हे ठरवत होती. खासदारांना पाठव, मी म्हणणार होतो. वर्तमानपत्राला देऊ, मी नाव घालतो माझं. पण कुणाच्या दारासाठी आता? उरलेल्या अकरांच्या, हे मला रस्त्यात परत जाताना सुचलं. तिथे बसलो असताना सुचलं नाही. तिने पान ब्रेडच्या डब्याखाली सरकवलं.

"जोएलला वाटलं, मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "तो तसंच समजून गेला."

मी मोजे जोडीने लावत बसलो. बाहेर बर्फ सारणारी गाडी गेली, तिच्या पात्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मग ती उठली, शेगडीवरची किटली उचलली. "कॉफी घेणार?"

"नको," मी म्हणालो. शहात्तर वर्षांत तोंडाला पडलेली सवय.

"बरं," मार्लिस म्हणाली, आणि किटली परत ठेवली.

मी वाट पाहिली. तिने एक खोकं पुढे ओढलं आणि त्यात ओले रुमाल भरू लागली.